भाकरीचा कट्टा ठेवा, भांड्यांचा उंच करा

वाचकाचं पत्र:

ताई, आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे, दुमजली. आजेसासऱ्यांनी 1958 साली बांधलेलं. स्वयंपाकघर खाली, परसाच्या बाजूला. जमिनीला मोझॅकच्या फरश्या, 28 इंच उंचीचा कडाप्याचा कट्टा, भिंतीत दोन सागवानी फडताळं, खिडकीपाशी मोरी. चूल जाऊन कित्येक वर्षं झाली तरी धुराडं तसंच आहे. 2019 च्या पुरात खालच्या मजल्यावर छातीपर्यंत पाणी होतं. नंतर कट्ट्याखाली पार्टिकल बोर्डची कपाटं करून घेतली. 2021 ला पुन्हा पाणी आलं आणि ती फुगून गेली. आता दिवाळी झाली की स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलंय. ठेकेदार म्हणतात, सगळं उखडून मॉड्युलर करू, माजघराची भिंत पाडून ओपन किचन करू, फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल टाकू. मिस्टर म्हणतात, आजीचं स्वयंपाकघर आहे, एक खुंटीसुद्धा हलवायची नाही. सासूबाई म्हणतात, काढा सगळं, मी इथं वाकून वाकून कंबर घालवली. सकाळचा स्वयंपाक माझा, संध्याकाळचा सासूबाईंचा. माझी उंची पाच फूट पाच इंच, त्या पाच फुटांच्या आत. मुलगी चौथीत आहे. खरं सांगू का, मला ती फरशी फार आवडते, कट्टा मात्र नको वाटतो. एकदा काढलेलं परत येणार नाही याची भीतीही वाटते. काय ठेवू, काय काढू?
एक वाचक, गावभाग

प्रिय ताई,

तुमच्या घरात सगळे एकाच खोलीबद्दल बोलताहेत असं वाटतं खरं, पण सासूबाई कंबरेबद्दल बोलताहेत आणि मिस्टर आजीबद्दल. ठेकेदारांना रिकामी खोली मिळाली तर काम सोपं जातं, म्हणून ते तसं सांगतात. एकेका वस्तूचं नाव घेऊन बोललात त्या फक्त तुम्ही. माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी. ‘जुनं ठेवायचं की नवं करायचं’ हा प्रश्न अख्ख्या स्वयंपाकघराला विचारला की घरात दोन तट पडतात आणि महिनाभर कुणी कुणाशी नीट बोलत नाही. फरशीला वेगळा विचारा, कट्ट्याला वेगळा, मोरीला वेगळा.

आणि पहिली गोष्ट म्हणजे एक दिवस सासूबाईंजवळ निवांत बसा आणि त्यांना विचारा की नेमकं काय दुखत होतं. मोरीत उकिडवं बसून भांडी घासणं, की कट्ट्यावर भाजी चिरणं? परसातून पाणी आणणं, की संध्याकाळचा अंधार? ‘सगळं काढा’ हे वाक्य अनेक वर्षांच्या दमणुकीतून आलेलं असतं. त्यात खरा दोषी कोण हे त्यांनाच ठाऊक. माझा अंदाज आहे की त्यात फरशीचं आणि फडताळांचं नाव येणार नाही. मोरीचं येईल.

माझं मत आधीच सांगून टाकते. फरशी ठेवा. फडताळं ठेवा. माजघराची भिंत अजिबात पाडू नका. मोरी काढा. वायरिंग आणि नळाचे पाइप पूर्ण नवे करा. आणि कट्टा, जो तुम्हाला नको वाटतो, त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तो काढलात तर नंतर चुटपुट लागेल असं मला मनापासून वाटतं.

मॉड्युलरवाले सगळा कट्टा एका उंचीचा करतात, साधारण 33 ते 34 इंच. दिसायला छान, पण स्वयंपाकघरातली कामं एका उंचीची नसतात. भाजी चिरायला कोपराच्या चार ते सहा इंच खाली हात टेकला तर पाठ सरळ राहते. सिंकचा तळ कट्ट्यापेक्षा सात-आठ इंच खोल असतो, म्हणून भांडी घासायला कट्टा उंचच हवा, नाहीतर पुन्हा वाकणं आलं. शेगडीचं नेमकं उलट आहे. शेगडी स्वतःच पाचेक इंच उंच, त्यावर कढई, म्हणजे 34 इंचांच्या कट्ट्यावर कढईचा काठ 42-43 इंचांवर जातो. सासूबाईंच्या उंचीच्या बाईला आमटी ढवळायला कोपर खांद्यापर्यंत उचलावं लागेल, आणि उकळत्या तेलाची वाफ थेट तोंडावर येईल. तेच 28 इंचांच्या जुन्या कट्ट्यावर कढईचा काठ 36-37 वर राहतो. तो तुम्हालाही चालतो, त्यांनाही.

भाकरीचंही तसंच. परातीत शाळूची भाकरी थापताना जोर मनगटातून नाही, खांद्यातून येतो. पीठ मळताना तर अख्खं अंग वापरावं लागतं. त्यासाठी पृष्ठभाग खाली लागतो. उंच कट्ट्यावर भाकरी थापणाऱ्या बायका पायाखाली पाट घेऊन उभ्या राहतात, हे आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये सर्रास दिसतं. तुमचा 28 इंचांचा कट्टा चूल सुटून उभ्यानं स्वयंपाक सुरू झाला त्या काळात, शेगडी आणि परात समोर ठेवून बांधला गेलाय. अडचण एवढीच की पुढं त्याच कट्ट्यावर चिरणं, मिक्सर, भांडी सगळंच येऊन पडलं.

म्हणून दोन उंच्या करा. जुना कडाप्याचा कट्टा आहे तिथंच ठेवा, शेगडी आणि भाकरीसाठी. खिडकीपाशी जिथं मोरी आहे तिथं नवा कट्टा काटकोनात घ्या, 34 इंच उंच आणि 24 इंच खोल. सिंक, चिरणं आणि मिक्सर तिकडं. मोरीमुळं पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन तिथं आधीच आहे, म्हणजे फारशी फोडाफोड होणार नाही, आणि चिरताना खिडकीचा उजेड हातावर पडेल. 34 हा आकडा अंतिम समजू नका. रोज घरात घालता त्या सपाता घालून दोघी भिंतीला टेकून उभ्या राहा, कोपर वाकवा, आणि मुलीला टेप धरायला लावा. तुमच्या दोघींच्या कोपरात तीन-चार इंचांचा फरक निघेल. भांडी घासणारी आणि चिरणारी जास्त कोण असेल तिच्या बाजूला इंचभर झुकवा.

आणि सासूबाईंसाठी आणखी एक. 28 इंच म्हणजे जवळपास जेवणाच्या टेबलाची उंची. जुन्या कट्ट्याखालचा एक खण पूर्ण मोकळा सोडलात, कपाट नाही, डबे नाहीत, तर तिथं खुर्ची ओढून पाय आत घालून बसता येईल. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण, सगळं बसून. ज्या कट्ट्यावर त्या आयुष्यभर वाकल्या त्याच कट्ट्याशी त्यांना बसता येईल. नवा उंच कट्टा त्यांना हे देऊ शकणार नाही. हे त्यांना तोंडी सांगू नका. खुर्ची ठेवून दाखवा.

कडाप्याबद्दल थोडं. कडप्पा आणि शहाबाद, दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिलं की पांढुरके डाग पडतात, ते त्याच्या जातीतच आहे. म्हणून आंबट चिराचिरी नव्या कट्ट्यावर न्या आणि नवा कट्टा ग्रॅनाइटचा घ्या, त्याला आंबटाचं काही होत नाही. पांढरा क्वार्ट्झ सध्या खूप खपतोय, पण त्यात दगडाची भुकटी रेझिननं बांधलेली असते. गरम कढई टेकली की खूण उमटते, आणि हळदीचा डाग पांढऱ्यावर किती दिवस राहतो हे सांगलीत मी काय सांगावं. काळा किंवा गडद ग्रॅनाइट घ्या, कडाप्याशेजारी शोभूनही दिसेल. जुन्या कडाप्याची लादी मात्र कुणालाही ‘उचलून परत बसवतो’ म्हणून देऊ नका. इतकी वर्षं सिमेंटात बसलेली लादी उचलताना बहुतेक वेळा तडकते. ती जागेवरच घासून पॉलिश करून घ्या. तिच्यात हॉबसाठी, म्हणजे कट्ट्यात बसवायच्या शेगडीसाठी, भोकही पाडू नका, साधी ठेवायची शेगडी बरी. जुना कट्टा 18-20 इंचांचा असला तरी दोन-तीन बर्नरची शेगडी त्यावर आरामात मावते.

आता पाण्याकडं येते, कारण गावभागातल्या घराचा विचार पुराशिवाय करताच येत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. त्याआधी 2005, त्यानंतर 2021. तुमच्या खालच्या मजल्यावर पुन्हा कधीतरी पाणी येईल हे गृहीत धरूनच ठेकेदारांशी बोला.

त्या पाण्यात तुमच्या घरातलं काय टिकलं आणि काय गेलं, तेवढं आठवून पाहा. फरशी धुतली आणि पुन्हा वापरायला घेतली. कडप्पा तसाच. फडताळांची दारं फुगली असतील, मग वाळली आणि पुन्हा लागायला लागली. गेलं ते पार्टिकल बोर्ड. लाकडाचा भुसा गोंदानं दाबून केलेलं ते बोर्ड एकदा पाणी प्यायलं की फुगतं आणि परत मूळ जाडीवर येत नाही, स्क्रूसुद्धा धरत नाही. लाकडाच्या तंतूंपासून केलेल्या एमडीएफचं तेच. आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लायवुड बरंच तग धरतं, पण दिवसेंदिवस गढूळ पाण्यात राहिलं तर त्याचाही लॅमिनेट कडेनं सुटतो. 1958 ला हे घर बांधणाऱ्यांनी दगड, सिमेंट, चुना आणि भरीव सागवान वापरलं, कारण त्यांना तेच मिळत होतं. आज नदीकाठच्या खालच्या मजल्यासाठी मुद्दाम निवड करायला बसलो तरी यादी जवळपास तीच निघेल. तुमच्या मिस्टरांना आजीसाठी जे वाचवायचंय, ते पुरासाठीही वाचवण्यासारखं आहे. दोघांची कारणं वेगळी असली तरी काम एकच होईल.

तेव्हा 2019 ची पाण्याची खूण जिथं होती तिथं भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारा. त्या रेघेच्या खाली फक्त दोनच प्रकारच्या वस्तू ठेवायच्या: भिजली तरी चालेल अशी, किंवा दोन माणसांना उचलून माडीवर नेता येईल अशी. कट्ट्याखाली बंद कपाटं न करता सुटे स्टेनलेस स्टीलचे रॅक ठेवा. झाकायचेच असतील तर ॲल्युमिनियमच्या चौकटीची, बिजागरीवरून उचलून काढता येणारी दारं. रेघेच्या वर हवं ते करा, तिथं प्लायवुडलाही माझी हरकत नाही.

फरशीबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची खडी. वरचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटरचा असतो आणि पॉलिशच्या मशिननं घासताना त्यातला अगदी थोडा जातो. म्हणजे तुमच्या फरशीचं आयुष्य अजून बरंच शिल्लक आहे. मशिनवाल्याला आधी एका कोपऱ्यात नमुना करायला सांगा. जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत टप्प्याटप्प्यानं घासलं आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडरचं पॉलिश केलं की खडीचे मूळ रंग वर येतात. पुराच्या गाळानं आलेला काळपटपणाही बराचसा जातो.

फुटलेल्या फरश्यांसाठी नव्या मोझॅक टाइल आणल्या तर रंग जुळत नाही, ठिगळ दिसतं. त्याऐवजी नवा कट्टा बांधायच्या आधी त्या जागेखाली झाकल्या जाणाऱ्या चांगल्या फरश्या अलगद काढून घ्या आणि मधल्या फुटक्यांच्या जागी त्या बसवा. कट्ट्याखाली साधी शहाबादी टाकली तरी चालेल. मोरीचा कठडा काढल्यावर उरणाऱ्या जागेतही नकली जुळवाजुळव नको, तिथं शहाबादीचा सरळ पट्टा घ्या.

ठेकेदार म्हणतात तशी वरून व्हिट्रिफाइड टाइल टाकली तर जमीन इंच-सव्वा इंचानं वर येईल. दारं खालून तासावी लागतील, माजघराकडं जाताना ठेच लागेल अशी नवी कड तयार होईल, आणि तेल-पाणी सांडल्यावर गुळगुळीत टाइलवर सासूबाईंचा पाय सरकायची भीती. पैसे देऊन हे विकत का घ्यायचं?

काम सुरू असताना फरशी वाचवणं हे वेगळंच काम आहे आणि ते तुम्हालाच बघावं लागेल. पहिल्या दिवशीच जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर पीओपीचा थर मारून घ्या. आणि गवंड्याला स्पष्ट सांगा की सांडलेलं सिमेंट काढायला ॲसिड वापरायचं नाही. एका दुपारच्या ॲसिडनं मोझॅकचं पॉलिश कायमचं जातं. पुढंही घरात पुसायला फिनेल किंवा साबणपाणी, बाथरूमचं ॲसिड कधीच नाही.

फडताळांना आधी टोच्यानं तपासा, विशेषतः चौकटीचा खालचा भाग आणि भिंतीकडची बाजू. टोच्या सहज आत गेला तर तिथं वाळवी किंवा कूज आहे. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण चौकटीत कुठं साल-बाजूचं फिकट लाकूड वापरलेलं असेल तर ते खाल्लेलं निघतं. तेवढा तुकडा कापून सागाचाच सांधा मारणारा सुतार शोधा. मिरजेत आणि सांगलीत जुनं काम जाणणारे सुतार अजून आहेत. फर्निचरच्या दुकानात विचारण्यापेक्षा जुन्या वाड्यांची दुरुस्ती कुठं चालली असेल तिथं जाऊन विचारा. बिजागऱ्या आणि कड्या पितळी असतील तर त्या बदलू नका, नुसत्या काढून साफ करून घ्या.

इथं एक गोष्ट जपून, घरात चौथीतली मुलगी आहे म्हणून मुद्दाम सांगते. इतक्या वर्षांत त्या दारांवर ऑइल पेंटचे अनेक थर बसले असतील. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं. सुतारानं मशिन लावून कोरडं घासलं तर ती बारीक धूळ घरभर, डब्यांवर, अंथरुणांवर बसते, आणि मुलांना शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. दारं काढून परसात न्या, रंग काढायचं रसायन लावून ओलं खरवडा, खपल्या गोळा करून पिशवीत बांधा. तेवढे दिवस मुलगी आजोळी गेली तर उत्तम. रंगाखालचं लाकूड चांगलं निघालं तर पुन्हा ऑइल पेंट नको, नुसतं तेलपाणी किंवा पॉलिश.

फडताळाचे खालचे कप्पे पाण्याच्या रेघेखाली येतील. तिथं पितळी-स्टीलची भांडी. धान्य, कागद, औषधं वर.

माजघराची भिंत. 1958 च्या दुमजली घरात ती भिंत बहुधा वरच्या मजल्याचं ओझं घेऊन उभी आहे, आणि फडताळांच्या पोकळीमुळं ती आधीच काही ठिकाणी पातळ झालेली आहे. या भिंतीनं 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप पाहिलाय आणि तीन पुरांचं पाणी प्यायलंय. दाराच्या आणि फडताळांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा गेल्यात का बघा. असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि ओपन किचनचा विषय तिथंच थांबवा. तसंही शाळूच्या भाकरीचा धूर आणि फोडणीचा ठसका माजघरात, मुलीच्या अभ्यासावर कशाला? आहे त्या दाराची फळी काढून उजेड येत असेल तर तेवढं करा.

भिंतीच्या गिलाव्याचंही एक बघून घ्या. किल्लीनं सांधा खरवडा. पांढरट, मऊ भुगा आला तर बांधकाम चुन्यातलं आहे. अशा भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि छतापर्यंत टाइल चढवली तर आतली ओल बाहेर पडायला जागा शोधत वर चढते आणि मग टाइलच्या वरच्या कडेला लोणा फुटतो. टाइल फक्त कट्ट्यामागं दोन फूट. बाकी भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. पुरानंतर अशी भिंत वाळतेही लवकर.

बाकीचं पटापट सांगते. धुराडं ठेवा, त्यातच एक्झॉस्ट फॅन बसवा, किंवा चिमणी घेणार असाल तर तिचा पाइप तिथून बाहेर काढा. भिंतीला नवं भोक पाडायला नको आणि वाफ जिथून जायची तिथूनच जाईल. वायरिंगमध्ये काटकसर अजिबात करू नका. जुनी पट्टीवरची वायर आणि दोन पिनांचे सॉकेट असतील तर सगळं जाऊ द्या. अर्थिंग नवं, 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच), ओव्हन आणि गिझरला वेगळी लाइन, आणि सगळे बोर्ड पाण्याच्या रेघेच्या वर. खालच्या मजल्याचा स्विच माडीवरून बंद करता येईल अशी सोय इलेक्ट्रिशियनला करायला सांगा. जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात, ते काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे, घ्या.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका आणि जमिनीलगत झरोका असेल तर तो बुजवू नका. तुमचा भाग म्हणून आणखी एक: भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. पाणी वाढायला लागलं की रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर माडीवर. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आता मिस्टरांबद्दल. त्यांच्या ओढीला मी कमी लेखत नाही. ज्या खोलीत आजीच्या हातचं खाल्लं ती खोली डोळ्यांसमोर मोडताना बघणं जड जातं. पण खोलीत उभं राहून जे राबतात त्यांचा शब्द आधी, असं माझं ठाम मत आहे. त्यांना एका रविवारी सकाळचा पूर्ण स्वयंपाक करू द्या, चिरण्यापासून मोरीत भांडी घासण्यापर्यंत, आणि मग बसून बोला. भांडण म्हणून नाही, त्यांना कळावं म्हणून. त्यांना जे राखायचंय त्यातलं बहुतेक तुमच्याकडं राहणारच आहे. मोरी जाईल. ती जाऊ द्यावी, कारण तिथं तुमच्या सासूबाईंच्या कंबरेचे दिवस गेलेत. मोडण्याआधी चारी भिंतींचे फोटो घ्या, आणि एखादी आठवण त्यांना लिहून ठेवावीशी वाटली तर तीही त्याच आठवड्यात लिहून घ्या.

ठेकेदारांशी मात्र तोंडी काही ठरवू नका. अंदाजपत्रकात ‘न काढायच्या वस्तू’ असा वेगळा भाग लिहून घ्या: फरशी, जुना कट्टा, दोन्ही फडताळं, धुराडं, भिंत. काढलेलं सागवान, पितळ, चांगल्या फरश्या घरमालकाच्या, हेही त्यातच. जुन्या सागाला चांगला भाव आहे आणि ‘मलबा’ म्हणून तो गाडीत भरला गेला की परत मागता येत नाही. वस्तूंवर खडूनं फुली मारून ठेवा, कारण सकाळी येणाऱ्या मजुरांना काल काय बोलणं झालं ते कुणी सांगितलेलं नसतं.

क्रम असा ठेवा: आधी मोरी काढणं, मग पाइप आणि वायरिंग, मग गिलावा, मग नवा कट्टा, मग फरशीचं पॉलिश, आणि रंग सगळ्यात शेवटी. पॉलिशचा चिखल भिंतींवर उडतो, म्हणून रंग आधी देऊ नका. चुन्याच्या गिलाव्याला वाळायला वेळ लागतो. दिवाळीनंतर लगेच हात घातलात तर उन्हाळ्याच्या तोंडाशी मोकळ्या व्हाल.

मोरी काढली तरी त्या कोपऱ्यात जमिनीला एक नहाणी ट्रॅप ठेवा आणि जमिनीचा उतार तिकडंच राहू द्या. गाळ धुऊन काढायला तो लागेल. पण तोच ट्रॅप पुराचं पाणी आत येण्याची पहिली वाट असतो, गटार तुंबलं की नदीच्या आधी पाणी तिथून वर येतं. म्हणून घराबाहेरच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, पाणी बाहेर जाऊ देणारा पण परत आत न येऊ देणारा. 2019 सारखं पाणी तो अडवू शकणार नाही, जोराच्या पावसातलं तुंबलेलं गटाराचं पाणी अडवेल, आणि ते दर वर्षी येतं. प्लंबरनं तो बसवून दिला की झाकण उघडून आतली झडप कशी साफ करायची ते तुम्ही स्वतः शिकून घ्या. दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, ती एकदा साफ करायची.